लाईट गेली की बदलणारी माती

नांदेडला तरोडा नाक्यावर, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत धम्मप्रियाचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कूलर आणि कॉलेजपासून सोबत काम करणारा सत्यम. एप्रिलमधल्या एका दुपारी तिनं जेवणाचा डबा उघडला आणि फोन वाजला. औशाहून होता.

"म्याडम, तारामती बोलून राहिले. माती तपासणीतून."

"हां, बोला मावशी."

"काय झालं, लाईट जाऊन आली की आमची माती बदलून राहिली."

धम्मप्रियाला हसू आलं, पण ते तिनं फोनमध्ये जाऊ दिलं नाही. "माती कशी बदलेल मावशी?"

"तेच तर. माती तीच हाय, बरणीतली. सकाळी एक आकडा येतो, लाईट जाऊन आली की दुसराच."

"व्होल्टेजचं असेल. दयानंद सरांना सांगून स्टॅबिलायझर बघून घ्या."

"बरं," तारामती म्हणाली आणि फोन ठेवला. धम्मप्रियानं भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवण होईस्तोवर ती हे विसरूनही गेली.

औशाला आडत बाजाराच्या मागं शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या एका कंपनीची छोटी प्रयोगशाळा होती. आसपासचे लोक तिथं शेतातली माती पिशवीत भरून आणून द्यायचे आणि पेरणीआधी तपासणीचा आणि सल्ल्याचा कागद घेऊन जायचे. मातीतले क्षार मोजायला तिथं दोन यंत्रं होती, एक जुनं, एक नुकतंच हिवाळ्यात आलेलं नवं. दोन्ही एकाच कॉम्प्युटरला जोडलेली. त्या कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम 'कासरा' या भाषेत लिहिलेला होता, आणि कासरा ही भाषा खुद्द धम्मप्रियानं बनवलेली होती. मुखेडहून नांदेडला इंजिनिअरिंगला आल्यावर शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून तिनं ती सुरू केली. प्रयोगशाळेतल्या माणसाला मराठीत चार ओळी लिहून यंत्राकडून काम करून घेता यावं, एवढाच हेतू. आता नांदेड आणि लातूर मिळून अकरा प्रयोगशाळांत कासरा चालत होती आणि तिला त्याचा अभिमान होता.

आठवड्यानं औशाहून पुन्हा फोन आला. तेच. या वेळी धम्मप्रियानं डबा बाजूला ठेवून आपल्या चाचण्या चालवल्या. कासरा नीट चालते का हे बघायला तिनं साडेचारशे लहान लहान चाचण्या लिहून ठेवल्या होत्या. कळ दाबली की त्या एकामागून एक चालायच्या आणि पडद्यावर हिरव्या ओळी उमटायच्या. साडेचारशेच्या साडेचारशे हिरव्या आल्या.

मग तिनं दयानंद सरांना फोन लावला. प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली होती. "सर, सॉफ्टवेअर मी तपासलंय, काही दोष नाही. हाताळताना काही होत असेल."

"ठीक आहे, मी बघतो," सर म्हणाले.

त्या एका वाक्यानं औशाला काय झालं, हे तिला महिनाभरानं कळलं.

मे उजाडला. बाराच्या सुमाराला बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती, आणि कूलरमधलं पाणी तासाभरात आटायचं. अशाच एका दिवशी तिच्या मोबाईलवर तारामतीकडून ओळीनं नऊ फोटो आले. सोबत नमस्कार नाही, तक्रार नाही, काही नाही. दोनरेघी वहीची पानं होती. पट्टीनं आखलेले रकाने, बारीक गोल अक्षर. तारीख. लाईट कधी गेली, कधी आली. भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा. बरणीच्या मातीला जुन्या यंत्रानं काय सांगितलं, नव्यानं काय सांगितलं. आणि शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं : पहिलं कोण.

धम्मप्रियानं तो रकाना आधी वाचलाच नाही. मग वाचला. आणि मग ती पानं तिनं पुन्हा पहिल्यापासून बघितली.

'पहिलं कोण' म्हणजे लाईट आल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला की आधी कोणत्या यंत्रावर माती लावली. जिथं 'जुनं' लिहिलं होतं, तिथं जुन्या यंत्राचा आकडा चाळीसच्या आसपास होता आणि नव्याचा बत्तीस. जिथं 'नवं' लिहिलं होतं, तिथं नव्याचा चाळीस आणि जुन्याचा पन्नास. पाच एप्रिलपासूनच्या एकाही ओळीत हे चुकलेलं नव्हतं. मधल्या चार दिवसांच्या ओळींसमोर कंसात लिहिलं होतं : माझे हात नाहीत, साहेबांनी स्वतः लावली.

"सत्यम," ती म्हणाली, "कूलर बंद कर जरा. आवाज होतोय."

सत्यम उठून आला आणि तिच्या खांद्यावरून बघू लागला. "काय आहे हे?"

"दीड महिन्याचं काम आहे. आपण करायचं होतं, त्यांनी केलंय."

पहिल्यानं जे ठरवलं ते पुढं सगळ्यांना लागू झालं, असं जेव्हा दिसतं तेव्हा कुठं बघायचं हे कासरा बनवणाऱ्या बाईला सांगायला लागत नाही. प्रोग्राममध्ये ओळ एकच असते : यंत्राला विचार, क्षार किती. कोणतं यंत्र, हे ओळ लिहिताना ठाऊक नसतं. ते प्रोग्राम चालू असताना, आयत्या वेळी ठरतं. जुन्या यंत्राची रीत वेगळी. ते उघडानागडा आकडा देतं, आणि खोलीतल्या उष्णतेचा हिशोब करून तो खाली आणावा लागतो. नवं यंत्र तो हिशोब पोटातच करून पक्का आकडा देतं. म्हणून ती ओळ आली की कासरा आधी समोरचं यंत्र कोणतं ते बघते, त्याची रीत शोधते आणि ओळ त्या रीतीला जोडते. दर वेळी शोधत बसलं तर काम रेंगाळतं. त्यासाठी एकदा जोडलेला धागा ती तसाच ठेवते आणि धाग्यापाशी एक राखणदार बसवते. राखणदारानं येणाऱ्याला फक्त विचारायचं : मघाचाच का तू? हो म्हणाला तर जा आत. नाही म्हणाला तर धागा तोडायचा आणि पुन्हा शोधायचं.

धम्मप्रियानं राखणदाराचा कोड उघडला. तीन वर्षांपूर्वीचा. भाषा आणखी वेगवान व्हावी म्हणून तिनं तो एका सुट्टीत बदलला होता आणि कॉलेजात जाऊन त्यावर भाषणही दिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता तीच ओळ ती वाचत होती. राखणदार यंत्राला त्याचं नाव विचारतच नव्हता. तो त्याचं घराणं विचारत होता. दोन्ही यंत्रं 'मीटर' या एकाच घराण्यातली, त्यामुळं दोघांनाही तो मघाचाच समजून आत सोडत होता. लाईट गेली की धागा पुसला जायचा, आणि आली की जे यंत्र आधी लागेल त्याच्या रीतीनं दुसरंही जायचं.

आयुष्यभर लोकांनी तिला आधी आडनाव विचारलं होतं. शाळेत, भाड्यानं खोली बघताना, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत. आडनाव कळलं की पुढचं माणूस त्यांना बघायचंच नसायचं. आणि तिनं आपल्या राखणदाराला नेमकं तेच शिकवून ठेवलं होतं.

"पण आपल्या टेस्ट हिरव्या कशा आल्या?" सत्यमनं विचारलं.

तिनं चाचण्यांची फाईल उघडली. तिथं दोन्ही यंत्रं होती, आलटून पालटून लावलेलीही होती. फक्त खोलीचं तापमान सगळीकडं पंचवीस लिहिलेलं होतं. ही यंत्रं पंचवीस हाच पाया धरतात. खोली पंचवीसवर असली की वर-खाली करायला काही उरत नाही, दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं. लातूर जिल्ह्यातल्या मे महिन्यात पंचवीस.

"थंडीत कोणाला काही दिसलं नसणार," ती म्हणाली. तिनं पंचवीस पुसून सदतीस लिहिलं आणि चाचण्या चालवल्या. पडद्यावर लाल ओळी उतरत गेल्या.

दुरुस्ती एका शब्दाची होती. तो शब्द बदलायला अर्धं मिनिट लागलं. मग तिनं इतर दहा प्रयोगशाळांची यादी काढली. दोन तऱ्हेची यंत्रं शेजारी शेजारी फक्त औशालाच होती. तिनं सुटकेचा श्वास सोडला, पण तो पुरता बाहेर आला नाही, कारण औशाहून उन्हाळ्यात गेलेले कागद लोकांच्या घरात पडलेले होते.

"फोन करून सांग ना सरांना," सत्यम म्हणाला. "नवीन फाईल पाठवू आपण, टाकून घेतील."

"फोनवरच तर मी म्हणाले होते की दोष नाही म्हणून," धम्मप्रिया म्हणाली. "मी जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीनं ती निघाली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, लातूरला गाडी बदलून औसा. प्रयोगशाळेच्या दारात पोचली तेव्हा तारामती ओट्यावर बसून लाकडी हातोडीनं मातीची ढेकळं फोडत होती. पन्नाशीची बाई, डोक्याला पंचा गुंडाळलेला, कोपरापर्यंत हात मातीनं पांढुरके झालेले. दोन वर्षांपूर्वी प्रोग्राम बसवायला आली तेव्हा धम्मप्रियानं तिला पाहिलं होतं. तेव्हा तिनं चहा आणून दिला होता आणि काम संपेपर्यंत मागं उभी राहून बघत होती. काही विचारलं नव्हतं.

"अगं बया, म्याडम तुमी? उन्हाचं?"

"सर आहेत का मावशी?"

"हायेत. आत या."

"तुम्हीपण या."

दयानंद सर खुर्चीतून उठले. धम्मप्रिया बसली नाही. बसमध्ये तिनं बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं निसटलं आणि तिनं सरळच सांगितलं. "सर, चूक माझी होती. यंत्रांची नाही, मावशींची तर अजिबातच नाही. माझ्या कोडमध्ये तीन वर्षांपासून चूक आहे. ती मावशींनी शोधली. मी नीट न बघताच तुम्हाला सांगितलं की हाताळण्यात दोष आहे."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी ह्यांना चार दिवस यंत्रावरून काढलं होतं," ते म्हणाले. "ढेकळं फोडायला बसवलं. म्हटलं, हात थरथरत असेल."

"म्हणून तर कळलं," तारामती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. "साहेबांनी लावली तरीबी बदलली. मग मनलं हे आपलं न्हाई. यंत्राचंबी न्हाई. जे आधी जातंय त्याचं हाय."

"पण आधी कोण गेलं ते लिहावं, हे तुम्हाला सुचलं कसं?" धम्मप्रियानं विचारलं. रात्रीपासून तिच्या मनात हाच प्रश्न होता. तिला स्वतःला तो रकाना आखायचं सुचलं नसतं.

"त्यात काय सुचायचं?" तारामती म्हणाली. "गिरणीत दळण घेऊन गेलं की मी आधी इचारते, आत्ता कोणाचं झालं म्हणून. आधी कोणी हरभऱ्याची डाळ काढली असली तर आपल्या ज्वारीत ती उतरते. भाकर थापताना कळतं. मग पहिलं मूठभर पीठ बाजूला धरायचं. इथंबी तसंच वाटलं. लाईट गेली की जातं रिकामं होतंय, आली की जे पहिलं पडंल त्याचा वास पुढं सगळ्याला लागतोय."

कॉलेजातल्या भाषणात धम्मप्रियानं हीच गोष्ट सांगायला चौदा स्लाईड केल्या होत्या.

"आणि बरणी?"

"ती आमच्याच रानातली. चाळून, वाळवून ठिवलीय. रोज तीच मोजायची. घरच्या तराजूला जसं आपलं एक माप असतंय, तसं."

मग ते तिघं कामाला लागले. कॉम्प्युटरमध्ये फक्त शेवटचे आकडे होते. कोणता बरोबर, कोणता चुकलेला, हे त्यातून कळायला मार्ग नव्हता. मार्ग होता तो तारामतीच्या वहीत. कोणत्या दिवशी किती वाजता लाईट आली, त्यानंतर पहिलं कोणतं यंत्र चाललं, हे तिनं सांगायचं. त्या वेळात दुसऱ्या यंत्रावर कोणाची माती होती, हे धम्मप्रियानं कॉम्प्युटरवरून वाचायचं. सरांनी यादी करायची. दुपारपर्यंत त्रेपन्न नावं निघाली. सुदैवानं तपासलेली माती तीन महिने ठेवायची पद्धत होती. मागच्या खोलीत फळ्यांवर कापडी पिशव्या ओळीनं लावलेल्या होत्या, प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. त्रेपन्नच्या त्रेपन्न सापडल्या.

"ह्या चिठ्ठ्या कोण बांधतं?" धम्मप्रियानं विचारलं.

सरांनी तारामतीकडं हात केला.

नवीन कासरा बसवून झाली. पहिली चाचणी बरणीच्या मातीची करायची ठरली. जुन्यावर चाळीस आलं, नव्यावर चाळीस. मग सरांनी मुद्दाम बटण बंद करून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. या वेळी नवं आधी. चाळीस आणि चाळीस. तारामतीनं वही काढली, तारीख टाकली, चारही आकडे लिहिले, आणि पट्टीनं खाली एक रेघ ओढली.

"अजून दोन-चारदा बघू," ती म्हणाली. "एवढ्यावर खरं मानायचं न्हाई."

"मानू नका," धम्मप्रिया म्हणाली. तिला मनापासून बरं वाटलं.

दोन दिवस लागले. धम्मप्रिया रात्री लातूरला मावसबहिणीकडं मुक्कामाला जायची आणि सकाळी औशाला परत. तारामती माती तोलायची, पाणी घालून ढवळायची, निवळू द्यायची. धम्मप्रियानंही एक-दोनदा करून बघितलं, तर पाणी जास्त पडलं. तारामतीनं न बोलता पेला ओतून टाकला आणि नवीन माती तोलून पुढं ठेवली. दुपारी लाईट गेली की तिघं ओट्यावर येऊन बसत. अशाच एका वेळी तारामतीनं तिला विचारलं, "तुमचं गाव?"

"मुखेड."

"आन् घरी शिकलेलं कोण?"

"कोणीच नाही. आई लोकांच्या रानात जायची. तिनंच शिकवलं म्हणायचं."

"मग बरोबर हाय," तारामती म्हणाली. कशाला बरोबर म्हणाली ते तिनं सांगितलं नाही आणि धम्मप्रियानं विचारलं नाही. दोघी आडत बाजारातल्या रिकाम्या गाड्यांकडं बघत बसल्या.

त्रेपन्नपैकी सत्तेचाळीस जणांचा सल्ला आकडा बदलूनही तोच राहिला. सहा जणांचा मात्र बदलत होता. चौघांची जमीन चांगली असून कागदावर खारवट दिसली होती, आणि दोघांची खारवट होऊ लागलेली असून चांगली दिसली होती. दयानंद सर त्या सहा जणांना फोन लावायला बसले.

"सर, मी बोलू?" धम्मप्रिया म्हणाली.

पहिला फोन ग्यानोबा नावाच्या शेतकऱ्याला. तिनं आपलं नाव सांगितलं, काय झालं ते सांगितलं, त्यांच्या जमिनीला खारवटपणावरचं जिप्सम टाकायची गरज नाही हेही सांगितलं.

"म्हणजे जमीन नीट हाय आमची?"

"नीट आहे काका. आमचा आकडा चुकला होता. माफ करा."

"जमीन नीट हाय म्हणता आन् माफी कशाची मागता," ग्यानोबा म्हणाले. "बरं झालं पेरणीआधी सांगितलं. उद्या येऊन कागद नेतो."

सहाही जणांशी बोलणं झालं. एक जण चिडला, आणि त्याचं चिडणं बरोबरच होतं. तो बोलून मोकळा होईपर्यंत तिनं ऐकून घेतलं. अजून कोणी पेरलेलं नव्हतं. दोष निघाला तो वेळेत निघाला होता, आणि तो वेळेत निघण्यात तिचा स्वतःचा काडीचा वाटा नव्हता.

निघायच्या आधी तिनं लॅपटॉप उघडून तारामतीला बोलावलं. कासराची नवीन आवृत्ती निघते तेव्हा सोबत काय काय बदललं याची एक यादी जाते. यादीतल्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : दोन वेगळ्या यंत्रांची रीत एकमेकांत मिसळत होती, हा दोष औशाच्या प्रयोगशाळेतल्या तारामतीबाईंनी पंचेचाळीस दिवसांच्या नोंदी ठेवून शोधला, त्याबद्दल त्यांचे ऋण.

तारामतीनं पदराला हात पुसले आणि पडद्यावर बोट न टेकवता ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"हे कोण वाचतंय?"

"अकराही प्रयोगशाळांतले लोक. आणि पुढं जे कोणी कासरा घेतील ते सगळे."

"पंचेचाळीस न्हाईत," तारामती म्हणाली. "एकेचाळीस हायेत. मधी भाच्याच्या लग्नाला मी चार दिवस देगलूरला होते, तवा यंत्रं बंदच होती."

धम्मप्रियानं पंचेचाळीस खोडून एकेचाळीस केलं. मग ती म्हणाली, "मावशी, पहिल्या फोनलाच मी ऐकलं असतं तर तुम्हाला ढेकळं फोडत बसावं लागलं नसतं. तुम्ही तरीपण लिहीत राहिलात. माझी भाषा मी बनवली असं मी सगळीकडं सांगते, पण आता ती नीट चालते ती तुमच्यामुळं."

"ढेकळं तर मी तशीबी फोडते," तारामती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून तिनं बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं. "तुमी इतक्या लांबून आलात, ते मला लई वाटलं. एक सांगू का?"

"सांगा ना."

"लाईट कवा गेली, कवा आली, हे ह्या कॉम्प्युटरनंच लिहून ठिवावं. मला घड्याळाकडं बघत बसायला लागू नये."

"पुढच्या वेळेला असेल," धम्मप्रिया म्हणाली आणि तिथंच टिपून घेतलं.

दयानंद सरांनी तिला औशाच्या स्टँडवर स्कूटरनं सोडलं. निरोप घेताना ते म्हणाले, "आजपासून यंत्राबद्दल जे काही असेल ते तारामतीबाईच तुमच्याशी बोलतील. मला मधी घेऊ नका." नांदेडची गाडी लातूरला मिळाली. खिडकीतून चाकूरपर्यंत नांगरलेली काळी रानं दिसत होती. इतके दिवस तिला ती एकसारखी दिसायची.

चाकूर सोडल्यावर तिनं मोबाईलमधली प्रयोगशाळांची यादी काढली. तिच्याकडं होते ते सगळे नंबर साहेबांचे होते. तिनं जळकोटच्या साहेबांना फोन करून विचारलं, तुमच्याकडं यंत्रावर रोज कोण बसतं, त्यांचा नंबर द्या. त्यांनी मलप्पाचा दिला. तिनं लगेच लावला.

"मलप्पा दादा, मी धम्मप्रिया, नांदेडहून. कासरा बनवली ती. काही बिघाड नाही, सहज फोन केला. काम करताना तुम्हाला काही वेगळं, काही विचित्र दिसतं का, एवढंच विचारायचं होतं."

बसच्या घरघराटात तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

"हाय की म्याडम," मलप्पा सावकाश म्हणाला. "दोन वर्सापासून एक हाय. बारीक हाय, पण हाय. सांगावं का नको, असं व्हायचं. तुमाला टाईम हाय का?"

"अहमदपूर यायला अर्धा तास आहे," धम्मप्रिया म्हणाली. तिनं पिशवीतून पेन काढलं आणि तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली. तिकीट लवकरच भरलं, मग शेजारच्या आजीबाईंनी आपल्याजवळचं लग्नपत्रिकेचं पाकीट दिलं, त्यावर तिनं पुढचं लिहून घेतलं.